व्हीसीआय कागद: बंद पेटीतील हत्यारांसाठी दोन वर्षे वापरून पाहिल्यानंतर

हत्यार रोज हाताळले जाते तोवर त्याला सहसा गंज धरत नाही. तो धरतो ते पेटीत ठेवून दिल्यावर, आणि बहुधा ज्या महिन्यांत आपण ती पेटी उघडायचे विसरून गेलेलो असतो त्याच महिन्यांत. माझ्याकडे सुतारकामाची आणि थोडी फिटरकामाची हत्यारे आहेत: सहा पटाश्या, दोन रंधे, तीन करवती, गुण्या, व्हर्नियर कॅलिपर, पाने, पक्कडी, कानशी आणि ड्रिल बिटांचा एक संच. यांतील निम्मी हत्यारे वर्षातून दोन-तीन वेळांपेक्षा जास्त बाहेर निघत नाहीत. कित्येक वर्षे मी ती कामानंतर पुसून, वरून तेलाचा हात फिरवून ठेवत आलो, आणि तरीही दमट दिवस सरल्यावर पेटी उघडली की कुठल्या ना कुठल्या पात्यावर तांबूस ठिपके दिसायचेच. दोन वर्षांपूर्वी मी ही पद्धत बदलली आणि ठेवणीतील हत्यारे व्हीसीआय कागदात गुंडाळून ठेवायला लागलो. हे परीक्षण त्या कागदाचे आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: बंद जागेत बराच काळ पडून राहणाऱ्या लोखंडी आणि पोलादी हत्यारांसाठी मी आजवर वापरलेल्या कोणत्याही तेलापेक्षा, फवाऱ्यापेक्षा किंवा ओल शोषणाऱ्या पुडीपेक्षा हा कागद सरस ठरला आहे, मात्र त्याच्या अटी काटेकोर आहेत, आणि त्या न पाळणाऱ्याच्या हाती साध्या कागदापेक्षा जास्त काही लागत नाही.

व्हीसीआय या आद्याक्षरांचा अर्थ असा की हा बाष्परूपाने पसरणारा गंजरोधक आहे. तपकिरी क्राफ्ट कागदावर किंवा त्याच्या तंतूंमध्ये काही क्षार भरलेले असतात. ते सामान्य तापमानाला अगदी सावकाश हवेत उडतात, बंद जागेतील हवा त्यांच्या बाष्पाने भरून जाते आणि धातूच्या पृष्ठभागावर त्याचा रेणूंइतका पातळ थर बसतो. कागद धातूला सगळीकडे टेकलेला असण्याची गरज नसते, कारण जिथे हवा पोहोचते तिथे बाष्पही पोहोचते. ड्रिल बिटाच्या खोबणीत, पान्याच्या जबड्यात, रंध्याच्या पात्याखालच्या फटीत तेलाचे बोट जात नाही, पण हे बाष्प जाते. हे तंत्र नवे नाही. 1940च्या दशकात या जातीची रसायने विकसित झाली आणि युद्धसामग्री व यंत्रांचे सुटे भाग साठवण्यासाठी व लांबच्या प्रवासाला पाठवण्यासाठी ती वापरली जाऊ लागली. आजही नवे बेअरिंग किंवा यंत्राचा भाग उघडताना जो किंचित मेणचट, विशिष्ट वासाचा कागद हाताला लागतो तो पुष्कळदा हाच असतो. आपण तो चुरगाळून टाकून देतो, आणि मीही कित्येक वर्षे तेच करत आलो होतो.

या कागदाची पारख करायची तर गंज कसा धरतो हे थोडे तपशिलात पाहावे लागते. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज चढतो एवढे सर्वांना ठाऊक असते, पण ही क्रिया पृष्ठभागावर सगळीकडे सारखी चालत नाही. केंब्रिजचे यू. आर. इव्हान्स यांनी 1920च्या दशकात मिठाच्या पाण्याचा एकच थेंब लोखंडावर ठेवून हे दाखवून दिले. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, त्यामुळे तिथे हवेतील प्राणवायू सहज पोहोचतो. मधोमध थर जाड असतो आणि प्राणवायू अपुरा पडतो. त्यामुळे एकाच थेंबाखाली लहानशी विद्युतघट तयार होते: मधले लोखंड इलेक्ट्रॉन सोडून विरघळते, कडेला प्राणवायू ते इलेक्ट्रॉन घेतो, आणि विरघळलेले लोखंड कडेकडे सरकताना दोहोंच्या मध्ये गंजाचे कडे उमटते. मोडक्या करवतीच्या एका तुकड्यावर मी हा प्रयोग करून पाहिला. पाते पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले, चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्याचा थेंब सोडला आणि भिंगातून पाहत राहिलो. काही तासांतच थेंबाच्या आत, कडेपासून थोडे अंतर सोडून, नारिंगी रंगाचे कडे दिसू लागले. थेंब पुसून टाकल्यावर सर्वांत खोल खड्डा मात्र त्या कड्याखाली नव्हता; तो मध्यभागी, जिथे गंज जवळजवळ दिसत नव्हता तिथे होता. तेव्हापासून हत्यारावर तांबूस वलय दिसले की मी वलयाच्या आतल्या जागेवर नख फिरवून पाहतो.

दुसरी गोष्ट हवेतील ओलीची. 1930च्या दशकात व्हर्नन यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले की दूषित हवेत सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या खाली असेल तर लोखंड फार हळू गंजते, आणि ती पातळी ओलांडली की गंजण्याचा वेग एकदम वाढतो. धातू डोळ्यांना कोरडा दिसत असतानाही त्यावर पाण्याचा अदृश्य थर बसलेला असू शकतो, हे यामागचे कारण आहे. त्यात घामातील मीठ पृष्ठभागावर राहिले असेल तर ते हवेतील ओल ओढून घेते आणि कमी आर्द्रतेतही तेवढी जागा ओलसर ठेवते. याखेरीज दव आहेच. हवा 30 अंश सेल्सिअस आणि आर्द्रता 70 टक्के असेल तर सुमारे 24 अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक वस्तूवर पाणी साचते. बिडाच्या ओतीव रंध्याचे अंग जड असते. रात्री ते थंड होते आणि सकाळची हवा तापली तरी बराच वेळ थंडच राहते. पेटीचे झाकण लावलेले असले तरी दिवसा आतली हवा फुगून बाहेर पडते आणि रात्री आकसताना बाहेरची दमट हवा आत ओढली जाते, म्हणजे पेटी दिवसातून एकदा श्वास घेतेच. हत्यार पुसून ठेवले म्हणजे काम झाले, अशी माझी समजूत होती ती इथे चुकत होती: मी धातू कोरडा करत होतो, पण त्याच्या भोवतीच्या हवेचे काहीच करत नव्हतो.

तेलाची मर्यादाही यातूनच कळते. पातळ तेलाचा थर उभ्या पृष्ठभागावरून हळूहळू खाली ओघळतो, धारेवर तर तो मुळातच फार पातळ असतो, आणि ओल अशा थरातून कालांतराने पलीकडे जाते. फवाऱ्यांबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. डब्ल्यूडी-40 हा या जातीतील सर्वांत प्रसिद्ध फवारा 1953मध्ये तयार झाला, त्याच्या नावातील दोन इंग्रजी आद्याक्षरे पाणी हटवण्याच्या गुणाची आहेत आणि आकडा चाळिसाव्या प्रयत्नाचा आहे. अशा पातळ फवाऱ्याचे पहिले काम ओल्या धातूवरचे पाणी दूर सारणे हे आहे आणि ते काम तो उत्तम करतो. भिजलेले हत्यार घरी आणल्यावर मी आजही आधी फवाराच घेतो. पण पाणी हटवणे हे एक काम आणि सहा महिने राखण करणे हे दुसरे. पहिल्या कामाच्या वस्तूकडून दुसऱ्या कामाची अपेक्षा मी केली, याचा दोष माझ्याकडेच जातो.

कागद खरोखर काही करतो की केवळ हत्यार झाकले गेल्यामुळे फरक पडतो, हे ठरवण्यासाठी मी घरच्या घरी चाचणी घेतली. घट्ट झाकणाच्या चार सारख्या काचेच्या बरण्या घेतल्या. चार साधे लोखंडी खिळे पॉलिश पेपरने घासले, ॲसिटोनने पुसले आणि हात न लावता दोऱ्याने झाकणांना टांगले. पहिल्या बरणीत नुसता खिळा होता. दुसऱ्या बरणीतील खिळ्यावर पातळ तेलाचा फवारा मारला होता. तिसरीत खिळ्याला स्पर्श होणार नाही अशा रीतीने काचेला लागून व्हीसीआय कागदाची पट्टी उभी केली. चौथीतही तशीच पट्टी होती, पण झाकणाला सहा भोके पाडली होती. बाष्पाला हवेत भरायला वेळ लागतो म्हणून सर्व बरण्या एक दिवस तशाच ठेवल्या, मग प्रत्येकीच्या तळाशी पाण्याची लहान वाटी सोडली. रोज संध्याकाळी बरण्या कोमट पाण्याच्या परातीत ठेवायच्या आणि नंतर बाहेर काढायच्या, म्हणजे रात्री गार होताना आत दव धरेल, असा क्रम तीन आठवडे चालवला.

पहिल्या बरणीतील खिळ्यावर दुसऱ्याच सकाळी ठिपके होते आणि आठवडा संपेपर्यंत तो पूर्ण तांबडा झाला. भोके पाडलेल्या बरणीतील खिळ्याने चौथ्या दिवशी गंज धरला. तेलाचा खिळा सातव्या दिवसापर्यंत टिकला, आणि त्याचा गंज कुठे सुरू झाला हे पाहण्यासारखे होते: टोकाशी तेल ओघळून जमले होते तिथे तो चकचकीत राहिला, आणि वर डोक्याखाली, जिथून तेल निघून गेले होते तिथे गंजाची बारीक रेघ उमटली. तिसऱ्या बरणीतील खिळा एकविसाव्या दिवशीही स्वच्छ होता. फक्त दोऱ्याची गाठ होती तिथे, भिजलेल्या दोऱ्याने पाणी सतत धरून ठेवल्यामुळे, मोहरीएवढा डाग पडला होता. चार खिळ्यांवरून मोठे विधान करता येत नाही हे मी जाणतो, म्हणून पुढच्या महिन्यात सगळी चाचणी पुन्हा केली. दिवस थोडे पुढेमागे झाले, क्रम तोच राहिला. तिसऱ्या आणि चौथ्या बरणीत कागद एकाच गुंडाळीतला होता आणि फरक फक्त झाकणाच्या भोकांचा होता, ही या चाचणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट मी मानतो. ज्याची पेटी नीट बंद होत नाही त्याने कागदावर खर्च करण्याआधी पेटीकडे पाहावे, किंवा गुंडाळलेले हत्यार प्लास्टिकच्या जाड पिशवीत घालून पिशवीचे तोंड बंद करावे. मी आता दुसरा उपाय करतो.

प्रत्यक्ष हत्यारांवरचा अनुभव याच दिशेने गेला, पण त्यात एक धडा मला किंमत मोजून मिळाला. पहिल्या वर्षी मी सहाही पटाश्या एकाच दिवशी पुसल्या, कागदात गुंडाळल्या आणि सात महिन्यांनी उघडल्या. पाच पटाश्या जशा ठेवल्या होत्या तशाच निघाल्या. पात्याच्या सपाट पाठीत माझ्या बोटांचे प्रतिबिंब दिसत होते. सहाव्या, सर्वांत रुंद पटाशीच्या त्याच सपाट पाठीवर धारेपासून दोन बोटे अंतरावर एक तपकिरी अंगठा उमटला होता. डाग म्हणण्यासारखा तो नव्हता, तो अंगठाच होता. त्याच्या रेषा मोजता येतील इतक्या स्वच्छ होत्या. पुसून झाल्यावर गुंडाळताना ती पटाशी मी त्याच जागी दाबून धरली असणार, आणि माझ्या हाताला घाम फार येतो. कागदाने भोवतालचे सगळे पाते राखले होते, पण मिठाच्या त्या रेषांपुढे त्याचे काही चालले नव्हते. बारीक दगडावर पाठ घासून गंज काढला तरी दोन रेषांचे सूक्ष्म खड्डे अजून आहेत, आणि पटाशीची पाठ सपाट असल्याखेरीज धार नीट लागत नाही हे जाणणाऱ्याला त्यांचे दुःख कळेल. त्यानंतर मी स्पिरिटने पुसल्यावर हत्याराला उघड्या हाताने स्पर्श करत नाही. पातळ रबरी हातमोजे या कागदाचा अर्धा भाग आहेत असे मी समजतो.

गुंडाळण्यातही काही बारकावे आहेत. ज्या कागदाच्या एकाच बाजूला रसायन असते त्याची ती बाजू धातूकडे यायला हवी. काही कागदांवर तसा शिक्का असतो, काहींवर नसतो, आणि मी पहिल्यांदा घेतलेल्या गुंडाळीवर तो नव्हता. बाष्पाचा स्रोत धातूपासून साधारण 30 सेंटिमीटरच्या आत असावा, त्यामुळे मोठ्या पेटीच्या तळाला एक कागद अंथरून वरच्या कप्प्यातील पाने राखले जातील अशी अपेक्षा ठेवता येत नाही. प्रत्येक कप्प्यात वेगळा तुकडा लागतो. गुंडाळण्याआधी हत्यार खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर थंड रंध्यावर बसलेले दव आपणच आत कोंडतो. वरून तेल लावून मग कागद गुंडाळण्याचा मोह मी एका कानशीच्या बाबतीत केला. कागदाने तेल शोषून घेतले, तो जागोजागी पारदर्शक झाला आणि कानशीच्या दातांत तेलकट कीस अडकून बसला. त्यातून गंज आला नाही, पण कानस पुन्हा वापरण्याआधी ब्रशने आणि द्रावकाने धुवावी लागली, म्हणजे ज्या कटकटीतून सुटण्यासाठी कागद आणला तीच परत आली. कोरडे हत्यार हातात घेऊन थेट कामाला लावता येते, हा माझ्या मते या कागदाचा तेलावरचा खरा वरचष्मा आहे. लाकडाला तेलाचा डाग पडत नाही आणि व्हर्नियरच्या सरकत्या जबड्यावर धूळ धरणारा चिकटपणा राहत नाही.

साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा चामड्याच्या म्यानात हत्यार बरेच दिवस ठेवू नये हेही या निमित्ताने सांगितले पाहिजे. दोन्ही वस्तू ओल धरतात, आणि चामडे कमावताना वापरलेले क्षार व आम्ले धातूला बाधतात. ओकसारख्या काही लाकडांतून ॲसेटिक आम्लाचे बाष्प निघते, त्यामुळे सुंदर लाकडी पेटी ही हत्यारांसाठी निर्धोक असतेच असे नाही. अशा पेटीत हत्यार ठेवायचेच असेल तर मी ते आधी कागद आणि पिशवी यांत बंद करतो.

आता कागद जिथे कमी पडतो त्याविषयी. रोज लागणाऱ्या हत्यारांसाठी त्याचा उपयोग नाही. दिवसातून चार वेळा उघडणाऱ्या पेटीत बाष्प टिकत नाही आणि प्रत्येक वेळी गुंडाळत बसण्याइतका धीर कोणालाही नसतो. त्या हत्यारांना मी काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसतो आणि आठवड्यातून एकदा मेणाचा पातळ हात देतो. मेण ओघळत नाही, हाताला चिकटत नाही आणि रंध्याचा तळ लाकडावर हलका सरकतो. आधीच चढलेला गंज कागदाने जात नाही. उलट गंज सच्छिद्र असतो, त्याच्या पापुद्र्यांखाली ओल आणि क्षार दडलेले असतात आणि बाष्प तिथपर्यंत नीट पोहोचत नाही, म्हणून गंजलेले हत्यार तसेच गुंडाळले तर आतल्या आत काम चालूच राहते. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा थर घट्ट बसतो आणि खालच्या धातूला झाकतो. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, फुगतो, सुटतो आणि खालचा धातू पुन्हा उघडा पाडतो.

त्यामुळे गुंडाळण्याआधी गंज काढावाच लागतो. मी एक लिटर पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक आम्ल घालून त्यात हत्यार काही तास बुडवून ठेवतो आणि मधून मधून तारेच्या ब्रशने घासतो. रात्रभर विसरू नये, कारण गंज संपला की आम्ल चांगल्या लोखंडाकडे वळते आणि पृष्ठभाग करडा, खरबरीत होतो. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ पाण्याने धुऊन, लगेच आणि पूर्ण कोरडे करावे लागते. उघडे पडलेले ताजे लोखंड काही मिनिटांतच पिवळसर छटा धरते हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी चकित झालो होतो. स्प्रिंगा आणि पाणी देऊन फार कडक केलेले पोलाद मी आम्लात घालत नाही, कारण आम्लाच्या क्रियेत सुटणारा हायड्रोजन अशा पोलादात शिरून ते ठिसूळ करू शकतो. फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्लाची गंज-परिवर्तक द्रावणे गंजाचे काळपट, टिकाऊ थरात रूपांतर करतात आणि कुंपणाच्या गजांना ती छान चालतात, पण पटाशीच्या पाठीवर किंवा मोजमापाच्या साधनावर असा थर नको असतो.

पितळाविषयी विशेष सावध राहायला हवे. लोखंडासाठी बनवलेली काही रसायने तांब्याला आणि त्याच्या मिश्रधातूंना मानवत नाहीत. माझ्या एका लहान करवतीच्या पाठीला पितळी पट्टी आहे. वर्षभर गुंडाळून ठेवल्यावर करवतीचे पाते निर्मळ निघाले, पण पितळ हिरवट काळे पडले होते. गुंडाळीवर कोणत्या धातूंसाठी हा कागद आहे याचा उल्लेखच नव्हता. अनेक धातूंना एकत्र चालणारे कागद मिळतात आणि त्यांच्यावर तसे छापलेले असते. ज्यांच्या हत्यारांना पितळी भाग आहेत त्यांनी तेच घ्यावेत, किंवा माझ्याप्रमाणे पितळाला आधी मेण लावावे.

सिलिका जेलच्या पुड्या हा दुसरा प्रचलित उपाय. त्या हवेतील ओल शोषतात, आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा पाणी धरू शकतात, आणि सुमारे 120 अंशांवर तापवून पुन्हा कोरड्या करता येतात. हवाबंद डब्यात त्या उत्तम काम करतात. श्वास घेणाऱ्या पेटीत त्या लवकर भरतात, आणि भरलेली पुडी काहीच सांगत नाही, म्हणून रंग बदलणारे दाणे असलेली पुडी घेणे बरे. त्यातही जुन्या निळ्या दाण्यांत कोबाल्ट क्लोराइड असते आणि ते आरोग्याला घातक मानले जाते, म्हणून नारिंगी दाणे निवडावेत. कागद आणि जेल मी एकत्र ठेवत नाही, कारण जेल ओलीबरोबर गंजरोधकाचे बाष्पही शोषू शकते.

आरोग्याचा विषय आला आहे तर कागदाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. या कागदाला एक फिकट, अमोनियाकडे झुकणारा वास असतो आणि नवी गुंडाळी लहान खोलीत उघडली की तो जाणवतो. जुन्या पद्धतीच्या कागदांत नायट्राइट आणि अमाइन हे दोन्ही घटक असत, आणि दुय्यम अमाइन व नायट्राइट एकत्र आले तर नायट्रोसामाइन ही कर्करोगाशी संबंधित संयुगे तयार होऊ शकतात. आज नायट्राइट नसलेले कागद उपलब्ध आहेत. विकत घेताना वेष्टनावर तसा उल्लेख शोधावा, सुरक्षा माहितीपत्रक मागावे आणि ते मिळत नसेल तर दुसरा कागद पाहावा. स्वयंपाकघरातील सुऱ्या यात कधीही गुंडाळू नयेत. कागद हाताळल्यावर हात धुवावेत, आणि मुले असलेल्या घरात वापरलेले तुकडे रद्दीत टाकू नयेत, कारण रद्दीचा कागद पुढे कशाला गुंडाळला जाईल ते आपल्या हातात नसते.

विक्रेत्यांच्या दाव्यांवर माझा आक्षेप आहे तो इथेच. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत संरक्षणाची वर्षे छापलेली असतात. ती हवाबंद वेष्टनातील, स्वच्छ, कोरड्या धातूसाठी आहेत हे बारीक अक्षरांतही नसते. तेलांच्या आणि लेपांच्या डब्यांवर मिठाच्या धुक्यातील चाचणीचे तास दिलेले असतात. त्या चाचणीत 35 अंशांवर 5 टक्के मिठाच्या पाण्याचे धुके नमुन्यावर सतत सोडले जाते. दोन लेपांची एकाच प्रयोगशाळेत तुलना करायला ती उपयोगी आहे, पण तिचे तास पेटीतल्या महिन्यांत बदलून देणारे कोणतेही सूत्र नाही. माझ्या पहिल्या गुंडाळीवर उत्पादनाची तारीखच नव्हती, आणि जी वस्तू उडून जाण्याने काम करते तिच्यावर तारीख नसणे ही गंभीर उणीव आहे. मूळ वेष्टन न फोडलेला कागद साधारण दोन वर्षे चांगला राहतो असे उत्पादक सांगतात. फोडलेल्या गुंडाळीचे आयुष्य ती कशी ठेवली यावर अवलंबून असते.

ते किती अवलंबून असते हे मला गेल्या महिन्यात दिसले. पहिल्या गुंडाळीचा एक उरलेला भाग वर्षभर फळीवर उघडा पडला होता आणि दुसरा भाग मी तेव्हाच जाड पिशवीत बंद करून ठेवला होता. दोन्हींच्या पट्ट्या कापून पुन्हा बरण्यांत खिळे टांगले. उघड्या कागदाच्या बरणीतील खिळा पाचव्या सकाळी डागाळला. पिशवीतील कागदाच्या बरणीतील खिळा तीन आठवडे पूर्ण होऊनही स्वच्छ आहे आणि बरणी अजून खिडकीत आहे. फळीवरचा कागद मी टाकून दिला, पटाश्यांचे आणि रंध्यांचे कागद नवे केले, आणि प्रत्येक पाकिटावर गुंडाळल्याची तारीख पेन्सिलीने लिहून ठेवली.